वुजूचं पाणी

गेल्या रविवारी असरनंतर बायको म्हणाली, "अहो, चला ना, पायीच कुठंतरी जाऊन येऊ." कुठे, ते तिलाही माहीत नव्हतं. तपासायचे पेपर तसेच ठेवून निघालो. शहागंज, सिटी चौक, भडकल दरवाजा असं करत करत पाणचक्कीपाशी कधी आलो ते कळलंच नाही.

आमच्या शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे. मलिक अंबरनं १६१० मध्ये ते वसवलं तेव्हा ते खडकी होतं. इथिओपियातून गुलाम म्हणून आलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला. शहर वसवताना त्यानं पाण्याचा विचार केला आणि नहर-ए-अंबरी बांधली. पाणचक्की त्यानंतरची, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातली. डोंगराकडून मातीच्या नळातून जमिनीखालून पाणी आणलं, ते भिंतीवर चढवलं आणि वरून पाडलं. त्या पाण्यावर जातं फिरायचं आणि फकीर-मुसाफिरांसाठी पीठ दळलं जायचं.

मला आवडतो तो पुढचा भाग. ते पाणी हौदात साठतं आणि त्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत आहे. त्यामुळे भर उन्हाळ्यातही ते दालन गार राहायचं. हौद भरला की जास्तीचं पाणी शेजारच्या खाम नदीत. एकाच पाण्यानं दळण केलं, गारवा दिला आणि मग ते नदीला मिळालं. पर्यावरण हा शब्दही माहीत नसलेल्या लोकांनी हे केलं, कारण पाणी ही त्यांच्यासाठी अमानत होती.

महमूद दरवाजापाशी पुलावर थांबलो. खाम नदीच्या काही भागात अलीकडे साफसफाई झाली आहे, लोक फिरायला येतात. तरी आम्ही उभे असतानाच एकानं गाडी न थांबवता कचऱ्याची पिशवी खाली भिरकावली. डोक्यावर टोपी होती, म्हणजे आपल्यातलाच. मी चिडलो. वाटेतली त्रासदायक वस्तू बाजूला करणं हासुद्धा सदका आहे, असं मी वर्गात शिकवतो, हे बायकोला ऐकवू लागलो.

तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "त्याचं सोडा. तुम्ही वुजू करताना नळ बंद करता का?"

मला उत्तर देता आलं नाही. आमच्याकडे नळाला कित्येक दिवसांच्या अंतरानं पाणी येतं. कधी रात्री एकला, कधी पहाटे. उठते ती. ड्रम भरते ती. भाज्या धुतलेलं पाणी कुंड्यांना घालते ती. मी मात्र मशिदीत नळ सोडतो आणि डोक्यावर मसह करतानाही तो तसाच वाहत असतो. घरातलं पाणी तिचं, मशिदीतलं पाणी अल्लाहचं, आणि त्याचा हिशेब कुणीच ठेवायचा नाही, असं काहीसं आपण ठरवून टाकलंय.

दुसऱ्या दिवशी नळाखाली बादली ठेवून नेहमीसारखा वुजू केला आणि मोजलं. सुमारे सहा लिटर पाणी गेलं. रसूलुल्लाह एक मुद पाण्यात वुजू करत असत, असं हदीसमध्ये आहे. एक मुद म्हणजे साधारण पाऊण लिटर. मी आठपट वापरलं. जुम्याला दोनशे नमाजी धरले, तर एका नमाजेला बाराशे लिटर, म्हणजे आमच्या घरातले दोनशे लिटरचे सहा ड्रम.

वाहत्या नदीकाठी बसलात तरी वुजूत इसराफ नको, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. "स्वच्छता हा निम्मा ईमान" हे तर आपण भिंतींवर रंगवतो. पण त्या स्वच्छतेची हद्द उंबरठ्यावर संपते. मशिदीची फरशी आरशासारखी आणि बाहेर गटार तुंबलेलं. त्या गटारात आपलंच वुजूचं पाणी असतं.

खरं तर ते पाणी घाण नसतं. त्यात साबण नसतो. वुजूखान्याची नाली शौचालयापासून वेगळी काढली तर हे पाणी झाडांना देता येतं, शोषखड्ड्यात जिरवता येतं. दाबून सोडला की आपोआप बंद होणारा नळ बसवता येतो. आपण मशिदीच्या मिनारासाठी, झुंबरासाठी, एसीसाठी चंदा देतो. एकदा नळांसाठीही द्यावा. इमामसाहेबांनी एखाद्या जुम्याच्या बयानात हा विषय घ्यावा. नदीत पिशवी टाकणाऱ्याला बोलायचा हक्क आपल्याला त्यानंतर मिळेल.

मी आता घरूनच वुजू करून निघतो, लिटरभराच्या लोट्यात. पहिले दोन दिवस पाय धुवेपर्यंत पाणी संपलं. तिसऱ्या दिवशी तळाशी थोडं उरलं. ते मी तिच्या मोगऱ्याला घातलं. तिनं पाहिलं, पण काही बोलली नाही. आज मात्र सकाळीच विचारत होती, "या रविवारी कुठं जायचं?"