पाणी गाळणाऱ्या घरात पाणी सांडणारं मशीन



आज थोडं स्पष्ट लिहिते, रागावू नका. आपल्याकडे पाणी गाळल्यावर गळणं धुतलेलं पाणीसुद्धा कुणी मोरीत ओतत नसे. त्याला जिवाणी म्हणत आणि ती ज्या विहिरीतून पाणी आणलं त्याच विहिरीत हलक्या हाताने परत सोडत. आज त्याच घरांत ओट्याच्या वर आरओचं मशीन आहे आणि त्याची बारीक नळी दिवसभर सिंकमध्ये पाणी सोडते. त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: ज्या शहरात नळाला धरणाचं शुद्ध केलेलं पाणी येतं, तिथे बहुतेक घरांना आरओची गरज नाही. आणि खरी भीती ज्याची आहे, त्याकडे या मशीनमुळे आपलं दुर्लक्ष होतंय.

आरओ मुख्यतः विरघळलेले क्षार काढण्यासाठी असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएस, म्हणजे विरघळलेले पदार्थ, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत असं सांगितलं आहे. मुंबईच्या तलावांचं, पुण्याच्या खडकवासल्याचं पाणी याच्या खूप खाली असतं. मे २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने टीडीएस ५०० पेक्षा कमी असेल तिथे आरओवर बंदी आणा, असं केंद्राला सांगितलं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भारतीय मानक ब्युरोने मोठ्या शहरांतल्या नळाच्या पाण्याची तपासणी जाहीर केली. त्यात मुंबईचे सगळे नमुने उत्तीर्ण झाले. तरी मुंबईत घरोघरी आरओ आहेच!

मग आपण ते घेतो कशामुळे? भीतीमुळे. विक्रेता येतो, दोन ग्लासांत विजेच्या कांड्या बुडवतो आणि नळाचं पाणी तपकिरी करून दाखवतो. ती घाण पाण्यातली नसते. पाण्यातल्या क्षारांमुळे वीज वाहते आणि कांडीचं लोखंड झिजून पाण्यात उतरतं. आरओच्या पाण्यात क्षार फार थोडे, म्हणून ते स्वच्छ दिसतं. त्याच्या हातातलं टीडीएस मीटरही फक्त क्षार मोजतं. कावीळ, टायफॉइड, जुलाबाचे जंतू त्यात दिसत नाहीत.

आता हिशोब करा. साधं घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना साधारण तीन लिटर बाहेर टाकतं. स्वयंपाक आणि पिणं मिळून रोज २० लिटर धरले, तर ६० लिटर वाया. वर्षाला जवळपास २२ हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे दोन टँकर एका घराचे. उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी मैलभर चालणाऱ्या बाया याच महाराष्ट्रात आहेत. अपकाय जिवांची विराधना टाळायला पाणी जपून वापरा, असं प्रवचनात ऐकायचं आणि घरी येऊन हे करायचं?

"पण आजार होतात त्याचं काय?" होतात. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागात गीयन-बारे सिंड्रोमची साथ आली. दोनशेहून जास्त संशयित रुग्ण सापडले, काही दगावले. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू मिळाला आणि संशय दूषित पाण्यावर गेला. त्याच भागातल्या काही खासगी आरओ प्रकल्पांचं पाणीही तपासणीत पिण्यास अयोग्य ठरलं. म्हणजे आरओ ही पाटी पुरेशी नाही.

जंतू शिरतात ते बहुतेक वाटेत. पाणी ठरावीक वेळेलाच येतं. मधल्या वेळेत पाइप रिकामा राहतो आणि गळक्या सांध्यातून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. पुढे सोसायटीची टाकी: तुटकं झाकण, कबुतरं, तळाशी गाळ. यावर उपाय क्लोरीन आणि उकळणं.

नुसतं गाळून भागेल, असंही मी म्हणत नाही. बांगलादेशात जुनी साडी चार पदरी करून पाणी गाळल्यावर कॉलरा जवळपास निम्म्याने घटला, हे २००३ च्या अभ्यासात दिसलं. आपल्या गळण्याचं मोल त्यात आहेच. पण सुटे जंतू आणि विषाणू कापडातून सहज पार होतात. म्हणून आधी गाळा, मग खळखळून उकळी येऊ द्या, झाकून त्याच भांड्यात थंड करा. आरओचं पाणी आपोआप प्रासुक होतं, हा समजही सोडा. उलट त्यातलं क्लोरीन निघून गेलेलं असतं आणि टाकीत साठलेल्या पाण्यात जंतू पुन्हा वाढू शकतात.

बोअरवेल किंवा टँकरचं पाणी असेल, तर गोष्ट वेगळी. फ्लोराइड, नायट्रेट, जास्त क्षार उकळून जात नाहीत. तिथे आधी प्रयोगशाळेत तपासणी करा आणि गरज निघाली तर आरओ जरूर लावा. मात्र बाहेर पडणारं पाणी बादलीत धरा, फरशी आणि संडासासाठी वापरा.

बाकीच्यांनी सोसायटीच्या पुढच्या बैठकीत तीन प्रश्न विचारा. टाकी शेवटची कधी धुतली? नळाला क्लोरीन येतं का? ओटी चाचणीचे थेंब टाकले की पाणी पिवळं व्हायला हवं. किमान प्रमाण लिटरला ०.२ मिलिग्रॅम. आणि महापालिकेचा तपासणी अहवाल कुठे आहे? आपण प्रत्येकीने पंधरा-वीस हजारांचं मशीन घेऊन दार लावून घेतलं, म्हणून हे प्रश्न विचारायला कुणी उरलं नाही. आणि ज्या कामवाल्या ताईंच्या घरी मशीन नाही, त्यांची मुलं तेच नळाचं पाणी पितात. त्यांच्यासाठी तरी विचारा.