गाळायला पाणी थांबावे लागते



भोपाळचा मोठा तलाव स्वतःच पाणी गाळतो, हे गेल्या अंकातल्या पत्रलेखकांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. तळाच्या प्राणवायू नसलेल्या गाळात जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात; तो हवेत जातो. फॉस्फरस मात्र गाळातच साठतो आणि तळाच्या पाण्यातला प्राणवायू संपला की पुन्हा पाण्यात उतरतो. शिवाय भर पावसात कोलांस नदी शेतांतले खत घेऊन येते, तलावावरच्या भदभदा धरणाचे दरवाजे उघडतात आणि पाणी कलियासोत नदीमार्गे बेतवा नदीकडे धावते. गाळायला वेळ कुठे? वार्षिक सरासरीवर मांडलेल्या गणितात हे पुराचे दिवस हरवतात. पुरात रोज पाण्याचे नमुने घेतलेच पाहिजेत. २००२ पासून रामसर यादीत असलेल्या या तलावाचे पाणी आमची मुले पितात.

— एक वाचक, भोपाळ