वहिनींचे तूप आणि माझे गिअर

दिवाळी अंकात फराळावर लिहिणाऱ्यांची कधी वाण नसते. मी त्यांतला नव्हे. माझा जन्म टूलरूममध्ये गेला, आणि चकली मोडली की ती मोहनाने मोडली की पाण्याने, हे मला आजही सांगता येत नाही. तरी यंदा ह्या पानावर फराळच आला आहे. कारण गेले आठ महिने मी तूप फेसण्यापलीकडे दुसरा विचारच केलेला नाही.

त्याचे असे झाले. आमच्या थोरल्या वहिनी दिवाळीत नानकटाईच्या ऑर्डरी घेतात. दादा गेल्यापासून त्यांच्या वर्षाच्या खर्चातला मोठा वाटा ह्या तीन आठवड्यांत निघतो. नानकटाईचे सारे मर्म तुपात. थिजलेले तूप आणि पिठीसाखर परातीत घेऊन तळहाताने फेसत बसायचे, ते पांढरेशुभ्र आणि हलके होईपर्यंत. तुपाच्या बारीक कणांत जी हवा कोंडली जाते, तिच्यामुळेच नानकटाई खुसखुशीत होते. गेल्या दिवाळीनंतर वहिनींचे मनगट सुजले. डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि फेसणे कायमचे बंद करा म्हणून सांगितले. मनगट बंद म्हणजे ऑर्डरी बंद. वहिनी तसे काही बोलल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, जन्मभर लोकांची यंत्रे केलीत. माझ्या ह्या फूड प्रोसेसरला एक हात बसवून द्या की."

हात बसवायचा, त्यात काय मोठे? असे मलाही वाटले.

फूड प्रोसेसर मुळात कापण्यासाठी जन्मलेला. फ्रान्समधल्या हॉटेलांच्या भटारखान्यांतून तो निघाला, आणि 1973 साली कार्ल सॉन्थाइमर ह्या अमेरिकन इंजिनिअरने शिकागोच्या प्रदर्शनात घरगुती रूपात मांडला. त्याचे पाते तूप चिरते, त्यात हवा फारशी कोंडत नाही. आणि वर घर्षणाने तूप पातळ होते. पातळ तुपात हवा टिकायची कशी? म्हणून मी पाते काढले आणि त्या जागी स्टेनलेसच्या तारांचा एक फुगा, म्हणजे इंग्रज ज्याला व्हिस्क म्हणतो तो, सरळ मधल्या दांड्यावर चढवला. बटण दाबले. माझ्या टॅकोमीटरवर दांड्याचे मिनिटाला 1500 फेरे भरले. दहा सेकंदांत सगळे तूप भांड्याच्या भिंतीला जाऊन चिकटले आणि मधे तारा मोकळ्या हवेत फिरत राहिल्या! वहिनींनी पदर तोंडाला लावला.

वेग कमी करून पाहिला, दुधाची साय घेऊन पाहिली. आता नवेच दुखणे. साय तारांबरोबर गरगर फिरू लागली, जत्रेतल्या पाळण्यासारखी. फिरते आहे खरी, पण फेसते कुठे? सगळेच एका दिशेने, जवळजवळ एकाच वेगाने फिरू लागले, तर तार आणि साय ह्यांच्यात झगडा उरत नाही. आणि झगड्यावाचून हवा आत ओढली जात नाही, ओढली गेलीच तर तिचे बारीक बुडबुडे होत नाहीत.

मे महिन्यात गावी गेलो. तिथे काकूंकडे घुसळखांब अजून आहे. सकाळी त्या ताक करायला बसल्या आणि मी, साठी उलटलेला माणूस, पाटावर बसून टक लावून बघत राहिलो. दोरीचे एक टोक ओढले की रवी उजवीकडे, दुसरे ओढले की डावीकडे. ताक एका बाजूने फिरायला लागते न लागते तोच रवी उलटी! काकूंना वाटले, मला ताक हवे आहे. त्यांनी भांडे भरून पुढे ठेवले. मी ते प्यायलो आणि मनात स्वतःला चार शब्द सुनावले. लहानपणी हीच दोरी मी शंभरदा ओढली होती.

उलट्या फेऱ्याचे हे गुपित पश्चिमेकडेही लोकांना गवसले होते. 1870 साली ऱ्होड आयलंडच्या टर्नर विल्यम्सने अंडी फेटायच्या हातयंत्राचे पेटंट घेतले. त्यात दोन बीटर शेजारी शेजारी, एकमेकांच्या उलट फिरणारे. पुढे 1908 च्या सुमारास ओहायोत हर्बर्ट जॉन्स्टनने बेकरीचा मिक्सर आखला, त्यात बीटर स्वतःभोवती एका दिशेने फिरतो आणि भांड्याभोवती दुसऱ्या. ग्रहमालेसारखे, म्हणून प्लॅनेटरी. 1919 मध्ये तोच घरगुती आकारात आला.

तेच मी झाकणाखाली बसवायचे ठरवले. मधल्या दांड्यावर 12 दात्यांचा लहान गिअर. झाकणात पक्के केलेले, आतून दाते असलेले 48 दात्यांचे कडे. दोहोंच्या मधे 18 दात्यांचे दोन गिअर, आणि त्यांच्याखाली लोंबणारे दोन तारांचे फुगे. हिशेब सोपा आहे. दांड्याचे 1500 फेरे, तर फुग्यांची जोडी भांड्यात 300 फेरे घेते आणि प्रत्येक फुगा स्वतःभोवती उलट्या दिशेने 500. एका मोटरीतून दोरीची दोन्ही टोके!

कागदावर एका संध्याकाळी झाले; झाकणाने दोन महिने खाल्ले. कड्यामुळे झाकणावर येणारा पीळ दांड्यावरच्या पिळाच्या चौपट, हे मी हिशेबात धरलेच नव्हते. पहिल्या झाकणाचा कान तडकला. मग कड्याला चारी बाजूंनी आधार दिला. गिअर नायलॉनचे केले, कारण अन्नावर ग्रीस टपकलेले चालणार नाही. फुगे आणि तळ ह्यांत दोन मिलिमीटर जागा ठेवली. जास्त ठेवली तर खालचे तूप तसेच राहते, कमी ठेवली तर तार घासते.

एवढे करून मी ते मोठ्या ऐटीत नेऊन दिले. वहिनींनी आधी ते चालवले नाही. उलटे करून, चष्मा लावून पाहिले. "भाऊजी, हे धुवायचे कसे? ह्या खाचेत तूप बसले की आठ दिवसांत खवट वास येईल." तीस वर्षे ड्रॉइंगे तपासून घेतली, असा इन्स्पेक्टर भेटला नाही. परत नेले. फुगे एका चिमटीसरशी सुटतील असे केले, खाचा भरल्या, कोपरे गोल केले.

सप्टेंबरात पहिला घाणा. भांडे आधी फ्रीजमध्ये ठेवले, यंत्र अर्धा मिनिट चालवून थोडे थांबायचे, असे आठ वेळा. तूप पिवळ्याचे पांढरे झाले, भांड्यात वर चढले. वहिनींनी पट्टा बांधलेल्या हाताच्या दोन बोटांनी ते उचलून चोळले. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग डायरी काढून, जानेवारीत ज्यांना नाही म्हणून कळवले होते, त्या गिऱ्हाइकांना फोन करायला बसल्या.

मी सुटलो असे समजत होतो. पण परवा त्यांनी त्याच यंत्रात दहीवड्याचे उडदाचे वाटण घातले. फेसलेल्या पिठाचा थेंब पाण्यात तरंगला म्हणे; आणि दुसऱ्या घाण्याला लहान गिअरचा दाता मुळाशी तुटला. बारा दात्यांच्या गिअरचा दाता मुळाशी कोरला जातो, तिथे तो नाजूकच. नायलॉनचा तर फारच. आता तेवढा एक स्टेनलेसचा करतो आहे. लेथवर तुकडा चढवून आलो आणि हे लिहायला बसलो. वसुबारसेच्या आत हवा आहे, असा निरोप सकाळीच आला.