चष्मा मिळतो, काठी मिळते, दातांचं काय? आजी-आजोबांची कवळी डबीतच

गावात सत्तरीपुढची चार माणसं जेवायला बसली की एखादा तरी भाकरी आमटीत कुस्करताना दिसतोच. कवळी केलेली असते, पण ती डबीत. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "खालची हलते, टोचते."

यात आजोबांचा हट्ट नाही. दात गेले की जबड्याचं हाड हळूहळू झिजतं. वरची कवळी टाळूला धरून राहते. खाली तशी जागा नाही, त्यात जीभ सारखी हलते. म्हणून खालचीच कवळी आधी सैल होते. मग शेंगदाणे, हरभरे, काकडी ताटातून जातात आणि उरतो मऊ भात.

यावर उपाय आहे. खालच्या जबड्यात पुढे टायटॅनियमचे दोन छोटे स्क्रू, म्हणजे इम्प्लांट बसवतात. काही महिन्यांत हाड त्यांना घट्ट धरतं. मग कवळी त्यावर बटणासारखी बसते. काढून धुताही येते. दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी पहिला पर्याय हाच असावा, असं मत कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी २००२ मध्येच मांडलं होतं.

अडचण पैशांची आहे. केंद्राच्या २०१७ च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब ज्येष्ठांसाठी कवळी आहे, पण ती साधी. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांपुढच्या पात्र ज्येष्ठांच्या खात्यात एकदाच ३,००० रुपये येतात. त्यात इम्प्लांट बसत नाही. सत्तरीपुढच्यांच्या आयुष्मान कार्डावर ५ लाखांचं कवच आहे, पण ते दवाखान्यात भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी. दातांचं हे काम होतं ओपीडीत.

शिवाय एका फेरीत काम होत नाही. तपासणी, एक्स-रे, शस्त्रक्रिया, मग कवळी, पुढे दरवर्षी दाखवणं. पंचाहत्तरीपुढे एसटी फुकट आहे, पण सोबत येणाऱ्याची मजुरी बुडतेच.

तोवर घरच्यांनी काय करावं? सैल कवळी डबीत टाकू नका; आतून नवा थर देऊन ती बसती करता येते. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या सरकारी दंत महाविद्यालयांत खर्चाची चौकशी करा. इम्प्लांट करायचं ठरलं तर आधी साखर आटोक्यात आणा. तंबाखू, बिडी, मिश्री सोडा, नाहीतर स्क्रू टिकायची खात्री नाही. कवळी रात्री काढून ठेवा.

मागणी मात्र साधी आहे. जिल्हा रुग्णालयात महिन्यातून ठरलेल्या दिवशी कवळीचं काम व्हावं आणि खालच्या दोन इम्प्लांटचा खर्च योजनेत धरावा. म्हातारपणी डोळ्यांना चष्मा हक्काचा मानला, तर भाकरी चावून खाणंही हक्काचंच आहे. पुढच्या ग्रामसभेत हा विषय कोणी मांडेल का?