गिगाहर्ट्झ पुरे, आता वॅट सांगा!

नवा फोन आला की जाहिरातीत प्रोसेसरचा वेग ठळक अक्षरांत झळकतो. तो वेग गाठताना चिप किती वीज खाते, हे मात्र शोधूनही सापडत नाही. माझ्या मते ग्राहकाला हा दुसरा आकडा आधी मिळायला हवा.

का, ते समजून घेऊ. चिपमध्ये शून्याचा एक किंवा एकाचा शून्य होताना सूक्ष्म तारांमध्ये विद्युतभार भरावा आणि रिकामा करावा लागतो. यात खर्च होणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात! आणि वेग वाढवायचा तर बहुतेकदा व्होल्टेजही वाढवावे लागते. मेख इथेच आहे. उलट, दोन्ही २० टक्क्यांनी उतरवले तर हा खर्च ०.८ चा घन, म्हणजे ०.५१ इतका होतो. जवळपास निम्मा. असे दोन कोर शेजारी बसवले, तर जवळपास तेवढ्याच विजेत १.६ पट काम होते. अर्थात, काम दोघांत वाटता आले तर.

इंटेलला हे महागात पडून कळले. ३.८ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ तब्बल ११५ वॅटचा होता; ४ गिगाहर्ट्झचा बेत कंपनीने २००४ मध्ये गुंडाळला. २००६ मध्ये आलेला २.४ गिगाहर्ट्झचा कोअर २ ड्युओ ६५ वॅटमध्ये त्याच्यापेक्षा सरस ठरला.

दुसरी युक्ती ‘क्लॉक गेटिंग’ची. क्लॉक म्हणजे लेझीम पथकातली हलगी. तिच्या ठोक्यावर सगळी चिप हलते. ज्या भागाला काम नाही, त्याच्यापर्यंत ठोका पोहोचूच द्यायचा नाही. तरीही थेंब थेंब गळणाऱ्या नळासारखी थोडी वीज झिरपतेच. मग त्या भागाचा पुरवठाच तोडतात. पण त्याला पुन्हा जागे करायला वेळ आणि वीज दोन्ही लागतात, म्हणून हा उपाय लांब झोपेसाठीच.

अभियंत्यांनी आपले काम केले आहे. प्रश्न पारदर्शकतेचा आहे. आपल्याकडे फ्रिज, एसीवर स्टार लेबल असते. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून स्मार्टफोनवरही ऊर्जा लेबल सक्तीचे झाले. आपल्याकडे का नको? प्रत्येकाचा वापर वेगळा, हा युक्तिवाद टिकणारा नाही. फ्रिजही प्रत्येक घरात वेगळाच वापरला जातो.

फक्त चाचणी आपल्या हवामानाची हवी. अकोल्या-नागपुरात मे महिन्यात गेम खेळताना तापलेला फोन स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. म्हणून खोक्यावर छापा : ४० अंश तापमानात २० मिनिटे गेम खेळल्यावर वेग किती उरतो आणि त्यासाठी वॅट किती लागतात.