रिकाम्या पाण्यावर नेम

ऐन दिवाळीत आमच्या अष्टमीच्या घरात युद्ध पेटले, आणि वाचकहो, ते मीच पेटवले! चिरंजीव सुट्टीला आले ते संगणकावर ‘सायलेंट हंटर ३’ हा २००५ सालचा खेळ घेऊन. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुडीचे कप्तान आपण व्हायचे आणि जहाजे बुडवायची. पाणतीराचा नेम यंत्रावर सोपवता येतो. पण “बाबा, हाताने तुम्हांला जमायचं नाही,” असे तो म्हणाला. मराठीच्या प्राध्यापकाला गणितावरून डिवचू नये.

प्रथम जहाज ओळखून पुस्तकात त्याची लांबी आणि डोलकाठीची उंची पाहायची. काठी डोळ्याला केवढी दिसते, त्यावरून अंतर निघते. मग पेरिस्कोपची उभी रेघ स्थिर धरायची. शंभर मीटरांचे जहाज ती वीस सेकंदांत ओलांडून गेले, तर त्याचा वेग ताशी सुमारे दहा सागरी मैल. पाणतीराचा तीस. म्हणजे पाणतीर हजार मीटर जाईतो आडवे चाललेले जहाज ३३३ मीटर पुढे सरकते. नेम धरायचा तो तिथल्या रिकाम्या पाण्यावर! लहानपणी कुंडलिकेत पोहताना काका ओरडत, “समोरच्या पायरीकडे नको, वरच्या अंगाला तोंड धर!” ते गणित आत्ता समजले.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री पाणतीर सोडला. पासष्ट सेकंद थांबायचे होते. आई पाठीशी येऊन उभी राहिली.

“त्यात माणसं किती रे?”

पुस्तकात टनभार होता, लांबी होती. माणसे नव्हती.

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने आपली ‘खुकरी’ बुडवली. अठरा अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले. आईच्या माहेरी शेजारचा मुलगा नौदलात होता. तो दुसऱ्याच जहाजावर होता, पण हे कळायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत त्या घरात चूल कोणी पेटवली नाही. डबा आईच नेऊन देई.

सत्तर सेकंद झाले. ऐंशी.

“मागून गेला, बाबा. वेग कमी धरलात.”

“बरं झालं,” म्हणून आई ओटीवर पणत्यांत तेल घालायला गेली.

“पुन्हा मोजा,” चिरंजीव म्हणाले. मी घड्याळ शोधू लागलो; जरा सावकाशच.