नाव लपवणारा पैसा

शिकागोचे उद्योगपती बार सीड यांनी ‘ट्रिप लाइट’ या आपल्या कंपनीचे सर्व समभाग ‘मार्बल फ्रीडम ट्रस्ट’ या उजव्या विचारांच्या ना-नफा राजकीय संस्थेला दिले. २०२१ मध्ये कंपनी विकली गेली आणि ट्रस्टच्या हाती सुमारे १६० कोटी डॉलर आले. ऑगस्ट २०२२ मध्ये पत्रकारांनी हे उघडकीस आणेपर्यंत अमेरिकी मतदारांना त्याचा पत्ता नव्हता. ट्रस्टचे प्रमुख लिओनार्ड लिओ, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या नेमणुकांसाठी ट्रम्प यांना नावे सुचवणारे गृहस्थ. यात बेकायदा काहीच नव्हते, आणि खरी चिंता तीच आहे. २०२० पासून अशा संस्थांना देणगीदारांची नावे करखात्यालाही कळवावी लागत नाहीत. डावीकडचा ‘सिक्स्टीन थर्टी फंड’ही याच आडोशाने चालतो.

गुप्तदानाचा आदर आपल्यालाही आहे. रुग्णालयाला खाट कोणी दिली हे कळले नाही, तरी रुग्णाचे काही बिघडत नाही. पण न्यायाधीश आणि कायदे यांच्यावर पैसा लावणारा माणूस लपून राहिला, तर जनतेने संशय घेणे रास्तच आहे. देणगीदार उघड करणारे ‘डिस्क्लोज’ विधेयक सप्टेंबर २०२२ मध्ये सिनेटमध्ये ४९-४९ मतांवर अडले. ते पुन्हा आणून मंजूर करावे.